आजी दोनदा आजारी पडली

प्रिय ताई,
मी वीस वर्षांची आहे. दोनशे मीटर बटरफ्लाय पोहते आणि जीवरसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्याला पाण्यातली नऊ सत्रं, शिवाय तीनदा ड्रायलँड, म्हणजे पाण्याबाहेरचा व्यायाम. सकाळचं सत्र साडेपाचला सुरू होतं. राष्ट्रीय संघाची निवड चाचणी अकरा आठवड्यांवर आली आहे आणि नेमक्या आदल्या आठवड्यात माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा आहेत. कोच म्हणतात, दोन वर्षं कॉलेज सोड, पदवी काय पळून जात नाही. बाबा म्हणतात, आधी पदवी, पोहण्याने पोट भरत नाही. दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते. गेल्या सेमिस्टरला प्रॅक्टिकल होतं तेव्हा कोचना सांगितलं, ताप आहे. स्पर्धेला जाताना सरांना सांगितलं, आजी आजारी आहे. दोनदा. रात्री पाच-साडेपाच तास झोप मिळते. लेक्चरला ओले केस वहीवर टेकून डोळा लागतो, वहीची पानं फुगून बसली आहेत. उजवा खांदा पाच आठवडे दुखतोय, पण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझी वेळ दोन सेकंदांनी मागे गेली आहे आणि दोन विषयांत मी नापास झाले आहे. मला एवढंच सांगा, पोहणं सोडू की शिक्षण?
— दोन दगडांवर उभी

प्रिय दोन दगडांवर उभी,

आधी खांद्याचं बोलू. तुझ्या पत्रात तो शेवटून तिसऱ्या ओळीत आला, पण घाई फक्त त्याचीच आहे. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी डोक्यावरून पुढे येतात, प्रत्येक स्ट्रोकला. फ्रीस्टाइलसारखं एका खांद्यावर भागवून दुसऱ्याला सांभाळून घेता येत नाही. पाच आठवडे दुखणारा खांदा ‘आपोआप बरा होईल’ या सदरातून कधीच बाहेर पडला आहे. या आठवड्यात खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे जा. आणि जायच्या आधी कोचना सांग, जाऊन आल्यावर नको.

खांदा नेमका अभ्यासाच्या ओढाताणीतच का धरला, याचं तुला नवल वाटत असेल तर एक सांगते. अमेरिकेतल्या मिझूरी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या १०१ खेळाडूंच्या दुखापतींचा आठवडेवार अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. परीक्षांच्या आठवड्यांत खेळाडू जायबंदी होण्याचं प्रमाण साध्या आठवड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. शरीराला ताण कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. पाण्यातला ताण आणि एन्झाइमच्या प्रकरणाचा ताण एकाच खात्यावर पडतो. तुझे कोच फक्त पाण्यातला ताण मोजतात, सर फक्त दुसरा. दोन्हींची बेरीज माहीत असलेली व्यक्ती एकच, आणि ती ओल्या केसांनी वहीवर झोपली आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाला मी अजून हात लावत नाही. ‘पोहणं की शिक्षण’ असं तू विचारतेस, पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला त्यात भलतंच दिसलं. कोचना ताप, सरांना आजी, खांद्याबद्दल सगळीकडे गुपचिळी. तू दोन गोष्टी करते आहेस म्हणून थकलेली नाहीस, तू तीन करते आहेस. पोहतेस, शिकतेस आणि उरलेल्या वेळात दोघांना एकमेकांचा पत्ता लागू देत नाहीस. हे तिसरं काम सगळ्यात जड असतं. त्यात सुट्टी नाही, आणि ते संपल्याची शिट्टीही कुणी वाजवत नाही.

मला हे कसं ठाऊक? मी पंधराशे मीटर धावायचे. तुझ्याइतकी मोठी कधीच झाले नाही, पण थापा मात्र तुझ्या तोडीच्या मारायचे. एकदा मी कोचना सांगितलं की आज परीक्षा आहे, आणि विभागात सांगितलं की आज स्पर्धा आहे. त्या दिवशी दोन्हींपैकी काहीच नव्हतं. मी खोलीचं दार लावून संध्याकाळी पाचपर्यंत झोपले. उठले तेव्हा इतकं बरं वाटत होतं की मला रडू आलं. चार दिवसांनी कोचनी सहज विचारलं, ‘पेपर कसा गेला?’ आणि मी त्यांना पेपरातले प्रश्नसुद्धा सांगितले! एका झोपेसाठी एवढा खटाटोप. ‘मी दमले आहे, एक दिवस द्या’ हे सहा शब्द म्हटले असते तर दिला असता, याची मला आता खात्री आहे. तेव्हा नव्हती.

आता हिशेब करू, कारण ‘दोन्ही होतं’ किंवा ‘दोन्ही होत नाही’ म्हणणारे लोक सहसा हिशेब करत नाहीत. आठवड्याचे तास १६८. नऊ तासांप्रमाणे झोपेचे ६३. दचकू नकोस, तुझ्याएवढा व्यायाम करणाऱ्या माणसाला तेवढी लागते. पाण्यातले १८, ड्रायलँडचे ३, आणि जाणं-येणं, केस वाळवणं, स्ट्रेचिंग मिळून आणखी ९. हे झाले ३०. अभ्यासाचे किती? युरोपातल्या विद्यापीठांची क्रेडिटची पद्धत इथे फार उपयोगी पडते, कारण त्यांनी तास कागदावर मांडले आहेत. पूर्णवेळ शिक्षणाचं वर्ष ६० क्रेडिटचं आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, लेक्चर, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास सगळं धरून. म्हणजे सेमिस्टरला साडेसातशे ते नऊशे तास. वीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साधारण ४०. एकूण १३३ झाले, ३५ उरले. दिवसाला पाच तास, त्यात जेवण, आंघोळ, कपडे, मैत्रिणी आणि नुसतं छताकडे बघत पडणं.

कागदावर बसतं. गंमत हीच आहे की कागदावर नेहमी बसतं. प्रत्यक्षात संध्याकाळच्या सत्रानंतर आठ वाजता तू जे पुस्तक उघडतेस तो तास हिशेबातल्या तासाएवढा भरत नाही. एक परिच्छेद चारदा वाचून होतो आणि पाचव्यांदा वाचताना लक्षात येतं की आपण वाचत नव्हतोच. माझ्या अंदाजाने तुझ्या वेळापत्रकात खरोखर डोकं चालेल असे अभ्यासाचे तास आठवड्याला पंचवीस-सव्वीस असतील. ते ४० म्हणून खपवायला गेलीस की उरलेले चौदा तास कुठून तरी येणार. तुझ्याकडे ते झोपेतून आले आहेत. साडेपाच तास झोपून वाचवलेला वेळ सकाळच्या लेक्चरमध्ये परत जातो, फुगलेल्या पानांसकट.

झोपेबद्दल उपदेश करणं सोपं असतं, म्हणून एकच उदाहरण देते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अकरा बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं, २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला. सराव काही वेगळा दिला नव्हता. त्यांचा धावण्याचा वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आला आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. अकराच खेळाडू, तुलनेला दुसरा गट नाही, तेव्हा याला वेदवाक्य मानू नकोस. पण तुझे दोन सेकंद कुठे गेले याचा शोध घ्यायचा तर मी आधी उशीखाली बघेन.

तर माझा सल्ला असा. सोडू काहीच नकोस, पदवी लांबव. पूर्ण भाराऐवजी दोन तृतीयांश भार घे, म्हणजे सेमिस्टरला ३० ऐवजी वीसच्या आसपास क्रेडिट. तीन वर्षांची पदवी साडेचार वर्षांत होईल. याला मागे पडणं म्हणत नाहीत. तुझ्या खेळातलीच बाई बघ. जेनी थॉम्पसन, अमेरिकेची, बटरफ्लायचीही जागतिक विक्रमवीर. चार ऑलिम्पिकमध्ये मिळून १२ पदकं. सिडनीनंतर पोहणं संपलं असं ठरवून ती २००१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात डॉक्टर व्हायला गेली आणि मग पुन्हा पाण्यात उतरली. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रिलेची दोन रौप्यपदकं घेतली आणि २००६ मध्ये डॉक्टर झाली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला पाच वर्षं लागली. भूलतज्ज्ञ म्हणून तिच्यासमोर पडलेल्या एकाही रुग्णाने ते पाचवं वर्ष विचारलं नसणार.

केटी लेडेकीचं वेगळं. तिने २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संघाकडून पोहणं सोडलं आणि व्यावसायिक झाली, पण मानसशास्त्राचा अभ्यास चालू ठेवून पदवी नंतर पुरी केली. एरिक हायडनने स्पीड स्केटिंगमध्ये १९८० साली एकाच ऑलिम्पिकमध्ये पाच सुवर्णपदकं मिळवली, आणि वैद्यकाकडे वळला ते त्याच्यानंतर. आज तो हाडांचा शल्यचिकित्सक म्हणून ओळखला जातो. एक सोबत, एक थोडं मागे-पुढे, एक पाठोपाठ. तिन्ही वाटा चाललेल्या आहेत.

मात्र कुणी तुला रॉजर बॅनिस्टरचं उदाहरण देऊन लाजवायला लागलं तर दुर्लक्ष कर. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस. वैद्यकाचा विद्यार्थी, जेवणाच्या सुट्टीत सराव, ६ मे १९५४ ला सकाळी रुग्णालयात जाऊन मग आगगाडीने ऑक्सफर्डला आणि संध्याकाळी मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत. विलक्षणच. पण जेवणाच्या सुट्टीतल्या सरावावर आज कुणी दोनशे बटरफ्लायच्या अंतिम फेरीत जात नाही. ॲना कीझनहोफरचंही तसंच. गणितात पीएचडी, टोकियो ऑलिम्पिकमध्ये सायकल शर्यतीचं सुवर्ण, आणि तेही कोचशिवाय, स्वतःच आखलेल्या सरावावर. सायकल दारात असते, तिला हवं तेव्हा बाहेर काढता येते. तलाव साडेपाचला उघडतो आणि लेन वाटून दिलेली असते. खेळ बदलला की हिशेब बदलतो, हे सांगणारे विसरतात.

आता तुझे कोच. पूर्ण दोन वर्षं कॉलेज सोडायचं त्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि कारण अभ्यासाचं नाही, पोहण्याचंच आहे. ज्या दिवशी तुझ्याकडे पाण्याशिवाय दुसरं काहीच नसेल, त्या दिवशी वाईट सत्र हे नुसतं वाईट सत्र राहत नाही, आख्खी तूच वाईट ठरतेस. खांदा खरंच सहा महिन्यांसाठी बसला तर सकाळी उठून जायचं कुठे? मी असे दिवस काढलेली पोरं पाहिली आहेत. ती तलावाच्या काठावर स्टॉपवॉच हातात धरून बसतात, दुसऱ्यांची वेळ घेत. पण कोच सरसकट चुकीचे आहेत असंही नाही. चाचणीच्या आधीचे काही आठवडे पोहण्याचेच असावेत, यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. त्यांनी ‘दोन वर्षं’ म्हटलं कारण त्यांना तुझ्या परीक्षांच्या तारखा माहीत नाहीत. तू कधी सांगितल्याच नाहीस. ज्याच्याकडे कॅलेंडर नसतं तो वर्षांत बोलतो.

तेव्हा कॅलेंडर कर. एकच मोठा कागद घे, पूर्ण वर्षाचा. आधी त्यावर मुख्य स्पर्धा लिही, मग त्यांच्या आधीचे टेपरचे, म्हणजे सराव कमी करत नेण्याचे, दोन-तीन आठवडे, मग सरावाचे सगळ्यात जड आठवडे, मग मुख्य स्पर्धेनंतरची विश्रांती. हे झाल्यावर, आणि झाल्यावरच, त्यावर अभ्यास बसव. प्रयोगशाळेचे विषय मोठ्या स्पर्धेनंतरच्या सेमिस्टरला घे, कारण प्रयोग घरी नेता येत नाही. वाचून होणारे विषय सराव जड असताना घे, ते बसमध्येही वाचता येतात. रोज दोघांना निम्मंनिम्मं वाटायला जाऊ नकोस. रोजच्या वाटणीत दोघंही उपाशी राहतात. वर्षातले काही महिने पाण्याने पुढे असावं, काही महिने पुस्तकाने, आणि मागच्याने तेव्हा कुरकुर करू नये. हा कागद पुरा झाला की त्याच्या दोन प्रती काढ. एक कोचना, एक विभागात.

विभागात काय मागायचं हे नीट समजून घे. खेळाडू-विद्यार्थ्यांना सवलत ही कुणाची मेहेरबानी राहिलेली नाही. युरोपीय संघाने २०१२ मध्ये शिक्षण आणि खेळ सोबत करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. इंग्लंडमध्ये २००४ पासून गुणवान खेळाडूंच्या शिष्यवृत्तीची एक योजनाच आहे, तिच्यात पैशाबरोबर फिजिओ आणि अभ्यासाचं नियोजनही मिळतं. अमेरिकेत विद्यापीठीय क्रीडा संघटनेने हंगामात सराव आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास असा बांधून दिला आहे. आता प्रवास आणि फिजिओकडचा वेळ त्यात धरत नाहीत, त्यामुळे तिथल्या पोरांना विचारशील तर ती हसतील, पण निदान आकडा तरी आहे. तुझ्या विद्यापीठातही काहीतरी नियम असण्याची शक्यता मोठी आहे. तो कुठल्या तरी फायलीत असेल आणि तुझ्या सरांनाही ठाऊक नसेल, कारण त्यांच्याकडे कधी खेळाडू आलाच नाही, सारखी कुणाची तरी आजी आली.

अर्ज एका पानाचा कर. पहिल्या ओळीत तू कोण आणि कोणत्या चाचणीसाठी निवडली गेली आहेस. दुसऱ्यात तारखा, जाण्याची आणि परतण्याची. तिसऱ्यात नेमकी मागणी: ‘अमुक प्रॅक्टिकल परीक्षा तमुक तारखेऐवजी परतल्यावर पंधरा दिवसांत, किंवा दुसऱ्या तुकडीबरोबर आधी देता यावी.’ खाली कोचची सही. कौतुक, कष्ट, देशाचं नाव यातलं काही लिहू नकोस, वाचणाऱ्याला तारीख हवी असते. आणि गुणांत सूट कधीच मागू नकोस, हजेरीतही जमेल तेवढी कमी माग. वेळ माग. वेळ देताना माणसाला अन्याय केल्यासारखं वाटत नाही. अर्ज आत्ता, अकरा आठवडे असतानाच दे. अकरा आठवडे आधी आलेला अर्ज ही विनंती असते, चार दिवस आधी आलेला अर्ज हा विभागाच्या डोक्याला ताप असतो.

सरांना आजीबद्दल सांगायचं का? हो, सांग. एका वाक्यात, रडारड न करता: ‘मागे दोनदा मी स्पर्धेला गेले होते आणि खोटं कारण दिलं, चूक झाली.’ ते रागावतील. पण पुढच्या वेळी तुझी आजी खरंच आजारी पडली तर त्यांनी विश्वास ठेवावा असं तुला वाटतं ना?

नापास झालेले दोन विषय या सेमिस्टरला परत घेऊ नकोस. मोह होईल, डाग पुसावासा वाटेल. चाचणीनंतर.

राहिले बाबा. ते पोहण्याच्या विरोधात आहेत असं तू गृहीत धरलं आहेस. मला नाही वाटत. पोहण्याने पोट भरत नाही हे त्यांचं वाक्य तसं खरंच आहे. अमेरिकेतली तीच संघटना आपल्या खेळाडूंना स्वतःच सांगते की शंभरातले दोनसुद्धा पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. बाबांची भीती ‘नंतर’ या शब्दाची आहे. ‘पदवी नंतर करीन’ हे त्यांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल आणि ती पदवी कधीच झाली नसेल. म्हणून त्यांना ‘नंतर’ म्हणू नकोस. साडेचार वर्षांचा कागद त्यांच्यापुढे ठेव, कोणत्या सेमिस्टरला कोणता विषय आणि शेवटची परीक्षा कोणत्या महिन्यात, असा. आणि वाद घालायला तिथे थांबू नकोस. कागद टेबलावर ठेव आणि सरावाला जा. बाप लोक कागद एकटे असताना वाचतात.

वर्षाच्या शेवटी हे सगळं करूनही तुझी वेळ सुधारली नाही, किंवा तुला प्रयोगशाळेतच जास्त रमायला लागलं, तर पुन्हा लिही. तेव्हा तुझा मूळ प्रश्न घेऊ, आणि तेव्हा त्याला उत्तरही असेल. साडेपाच तासांच्या झोपेवर आणि दुखऱ्या खांद्यावर कुणी आयुष्याचा निर्णय घेत नाही, वही आणायलासुद्धा जाऊ नये.

आज गुरुवार आहे. सोमवारपर्यंत खांदा दाखवून ये आणि काय म्हणाले ते दोन ओळींत कळव. आणि आजी कशी आहे, तेही.

तुझी,
ताई